नेटवर्क गेलं तरी गाणं चालू राहावं म्हणून: फोन पुरेल की वेगळा प्लेअर घ्यावा?

पुढं वाचण्याआधी एक काम करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि काल ऐकलेलं गाणं पुन्हा लावा. वाजलं, तर ते गाणं तुमच्याजवळ आहे. नुसतं चक्र फिरत राहिलं, तर गाणं दुसऱ्याच्या घरी आहे आणि इतके दिवस तुम्ही ते उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकत होता.

बेळगावच्या टिळकवाडीत किंवा निपाणीच्या बाजारात हा फरक जाणवत नाही. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडं निघालात, किंवा खानापूर सोडून रेल्वे लोंढ्याच्या जंगलात शिरली, की लगेच जाणवतो. हद्दीवरच्या गावांत तर फोन घडीला कर्नाटकचा टॉवर धरतो, घडीला महाराष्ट्राचा. बोलणं कसंबसं होतं, गाणं मात्र अडखळतं.

माझे मामा जांबोटीच्या पलीकडं राहतात. पहाटे गोठ्यात धार काढताना त्यांना काकडा लागतो, दिवेलागणीला हरिपाठ. एकदा म्हणाले, “भाच्या, फोनवर हरिपाठ निम्म्यातच थांबतोय. ते गाण्याचं बारकं यंत्र मिळतंय म्हणे, घेऊया काय?” मी त्याच रात्री स्वस्तातला एक प्लेअर मागवला, कार्ड भरलं आणि नेऊन दिला. पंधरा दिवसांनी गेलो तर यंत्र दिवळीत पडलेलं. हरिपाठाचे अभंग उलटसुलट लागत होते, पडद्यावर नावाच्या जागी चौकोन दिसत होते आणि बंद करून पुन्हा लावलं की तासाभराचं कीर्तन पहिल्यापासून सुरू होत होतं. मामा काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण बघून घेतलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. त्यानंतर नात्यातल्या आणि भजनी मंडळातल्या बऱ्याच जणांना मी यंत्र निवडून दिलं. नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी, ते त्याच क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: गाणी कुणाच्या ताब्यात आहेत?

वरची एअरप्लेनची चाचणी ही खरी पहिली पायरी. फोन की प्लेअर हा प्रश्न तिच्यानंतर येतो. तुमची गाणी अ‍ॅपमध्येच राहत असतील, तर साधा प्लेअर घेऊन काही उपयोग नाही, कारण अ‍ॅपमधली गाणी त्यात जात नाहीत. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं एअरप्लेन मोडवर वाजलं तरी ते कुलूपबंद असतं. ते त्याच अ‍ॅपमध्ये उघडतं, कार्डावर घेऊन दुसऱ्या यंत्रात टाकलं तर वाजत नाही. स्पॉटिफायच्या फुकट खात्यावर गाणी डाउनलोडच करता येत नाहीत आणि पैसे भरून केलेली डाउनलोडही टिकवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो. गावात वायफाय नसलेल्या, महिन्यातून एकदाच खानापूरला उतरणाऱ्या माणसाला हा नियम त्रासाचा आहे.

फाइल म्हणजे एमपी३, एफएलएसी, एम४ए असल्या नावाची, तुम्ही कॉपी करू शकता अशी वस्तू. ती फोनमध्ये वाजते, प्लेअरमध्ये वाजते, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तरी वाजते. माझा आग्रह असा: आपल्याला जिवापाड आवडणारी शंभर-दोनशे गाणी तरी फाइलच्या रूपात जवळ ठेवावीत. बाकीचं अ‍ॅपवर ऐका, काही बिघडत नाही. एवढी फाइली जमवण्याची तयारी नसेल, तर प्लेअरचा विचार आताच सोडा आणि फोनवरच ऐका.

दुसरी पायरी: ऐकणार कोण, कुठं आणि काय करताना?

यंत्राची जाहिरात वाचण्याआधी ऐकणाऱ्या माणसाच्या हाताकडं बघा. मामांचे हात धार काढताना ओले असतात. त्यांना काचेवर बोट फिरवणं जमत नाही, दाबलं की कळेल असं बटण लागतं. निपाणीला माझी एक आत्या आहे, ती घरी बिड्या वळते. तिचे दोन्ही हात दिवसभर गुंतलेले आणि तिच्यासोबत शेजारच्या दोघी बसतात. तिला इअरफोन नकोच, स्पीकर हवा. इअरफोनचा महागडा प्लेअर तिला दिला असता तर तोही दिवळीतच गेला असता. तिच्यासाठी २०१७ साली आलेल्या सारेगामा कारवाँसारखा रेडिओच्या आकाराचा, आत गाणी भरलेला डबा चांगला. त्याची मराठी आवृत्तीही आहे आणि पेनड्राइव्ह लावला की आपल्या फाइलीही वाजतात.

गाणं शिकणाऱ्या मुलांचं वेगळं. त्यांना तानपुऱ्याचं अ‍ॅप लागतं, तबल्याचं लागतं, एखादी तान पट्टी न बदलता सावकाश करून ऐकायची असते. हे काम फोन फार चांगलं करतो आणि स्वस्त प्लेअरला जमत नाही. त्यामुळं शिकणाऱ्या पोरांसाठी मी फोनच सांगतो, फक्त रियाजाच्या वेळेला एअरप्लेन मोडवर. समेवर येताना निरोपाची घंटा वाजली की सगळं विस्कटतं.

बंगळूरला शिकायला किंवा गोव्याला कामाला असलेल्यांची अडचण बॅटरीची असते. रात्रीच्या गाडीत फोनवरच तिकीट, फोनवरच पैसे, फोनवरच घरचा कॉल. गाणी ऐकून पहाटे फोन मेला तर रिक्षावाल्याला पैसे कसे देणार? अशा माणसाला वेगळा प्लेअर खरोखर उपयोगी पडतो. पंढरीच्या पायी दिंडीत चालणाऱ्यालाही, कारण मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंगच्या एका बोर्डाभोवती चाळीस जण असतात.

तिसरी पायरी: घरात आहे तो फोन नीट बघा

माझा अनुभव असा की निम्म्या लोकांना नवीन काही घ्यावंच लागत नाही. हातातला फोन पुढच्या चार गोष्टींसाठी तपासा.

हेडफोनची गोल पिन, म्हणजे ३.५ मिलिमीटरची, फोनला आहे का? आयफोननं ती २०१६ साली काढली आणि मग अनेकांनी काढली. नसेल तर टाईप-सीला लावायचा छोटा कनेक्टर मिळतो. पण त्यात दोन जाती आहेत. एकीच्या आत आवाज तयार करणारी चिप असते, दुसरीत नुसत्या तारा. तारांचा कनेक्टर फक्त काही ठरावीक फोनांनाच चालतो. घेताना ‘डॅक’, म्हणजे ही चिप, आहे का हे विचारा आणि आपला फोन लावून, वाजवून मगच पैसे द्या.

मेमरी कार्डाची जागा आहे का? नसेल तर आत किती जीबी मोकळे आहेत?

बॅटरी दिवसभर टिकते का? यात एक गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू आहे. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी उतरते. कणकुंबीच्या बाजूला संध्याकाळपर्यंत फोन बसतो, तो गाण्यामुळं बसतो असं लोकांना वाटतं. एअरप्लेन मोडवर टाकून फाइली वाजवा, फरक स्वतः बघा.

चौथी गोष्ट एफएम. बऱ्याच जणांना ‘रेडिओ पण पाहिजे’ असं वाटतं. फोनमधला किंवा प्लेअरमधला एफएम इअरफोनच्या वायरीलाच एरियल म्हणून वापरतो, त्यामुळं ब्लूटूथ लावून तो चालत नाही. शिवाय आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या ऐकलेली आकाशवाणीची धारवाड (७६५ किलोहर्ट्झ) आणि सांगली (१२५१ किलोहर्ट्झ) ही केंद्रं मध्यम लहरींवरची. एफएमवाला प्लेअर मध्यम लहरी पकडत नाही. ज्येष्ठांना धारवाडच हवं असेल तर मध्यम लहरींचा साधा रेडिओ वेगळा घ्यावा.

आता सगळ्यांत स्वस्त उपाय. कपाटात पडलेला जुना स्मार्टफोन बाहेर काढा. पाठ फुगलेली असेल, कव्हर उचललं गेलं असेल तर त्याला हात लावू नका. बॅटरी सुजली आहे, ती दुरुस्तीवाल्याकडंच द्या. बॅटरी धड असेल तर आतले फोटो काढून घ्या, फोन पूर्ण रीसेट करा, सिम घालू नका, व्हीएलसीसारखं गाणी वाजवणारं एक मोफत अ‍ॅप टाका, गाणी भरा आणि तो कायम एअरप्लेन मोडवर ठेवा. हा झाला तुमचा प्लेअर. पडदा मोठा, देवनागरी आणि कानडी दोन्ही लिपी स्वच्छ दिसतात, फाइली नावाच्या क्रमानं लागतात. माझ्या वहिनींना असाच करून दिलाय. चार्जिंग सोडलं तर त्यांना काही बघावं लागत नाही.

चौथी पायरी: प्लेअर घ्यायचा ठरला, तर आपलं कार्ड घेऊन दुकानात जा

वेगळ्या प्लेअरचं बलस्थान बटणात आहे. खिशात हात घालून, न बघता पुढचं गाणं लावता येतं, आवाज कमी करता येतो. कॉल येत नाहीत. वजन थोडं. पोराच्या हातात दिला तर तो व्हिडिओ बघत बसत नाही. ही सगळी खरी कारणं आहेत आणि ती मनापासून पटत असतील तर प्लेअर जरूर घ्या.

हजार-दोन हजारांतल्या प्लेअरांत मात्र फसगत फार. खोक्यावर सगळंच लिहिलेलं असतं. दुकानदार कानडीत म्हणतो, “छलो ऐती री, तगोळ्री.” (चांगला आहे हो, घ्या.) असेलही चांगला, पण आपण वाजवून बघायचं. मी हल्ली एक चाचणीचं कार्ड बाळगतो. तुम्हीही ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या आणि त्यात एवढ्या फाइली टाकून न्या.

एक, तासाभराचं कीर्तन किंवा प्रवचन. ते मध्यावर नेऊन प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. जिथं थांबलं तिथूनच सुरू व्हायला हवं. मामांचा पहिला प्लेअर इथंच नापास झाला असता.

दोन, अंक घातलेल्या दहा छोट्या फाइली, मुद्दाम उलट्या क्रमानं कॉपी केलेल्या. प्लेअर अंकाप्रमाणं लावतो की कॉपी केल्याच्या क्रमानं, ते लगेच कळतं. स्वस्तातले बरेच प्लेअर नावाकडं बघतच नाहीत. कार्डावर जी फाइल आधी आली ती आधी वाजवतात. त्यावर उपाय आहे, पुढं सांगतो, पण माहीत असायला हवं.

तीन, देवनागरीत नाव दिलेली एक फाइल आणि कानडीत नाव दिलेली एक. चौकोन दिसतात का, वेलांट्या भलतीकडं जातात का? पडदा वाचणाऱ्या माणसासाठी हे महत्त्वाचं. न वाचता बटणावर चालणाऱ्यासाठी नाही.

चार, एकाच मैफलीचे लागोपाठचे दोन तुकडे, म्हणजे विलंबित संपून द्रुत सुरू होतं त्या जागी कापलेले. मधे खाच पडते का ऐका. सिनेगीतं ऐकणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. ख्याल ऐकणाऱ्याला ती खाच दर वेळी टोचते.

पाच, अगदी हळू आवाजातली आलापी. इअरफोन लावून ऐका. मागं सुस्स असा आवाज येत राहिला तर तो प्लेअर ठेवून द्या. ढोल-ताशाच्या गाण्यात हा दोष लपतो, आलापीत लपत नाही.

सहा, एक एफएलएसी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली फाइल. वाजली तर बरं, नाही वाजली तरी या किमतीत फार मनाला लावून घेऊ नका.

याशिवाय चार्जिंगचं एक. टाईप-सीचं भोक असूनही काही स्वस्त प्लेअर दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या वायरीवर चार्ज होत नाहीत. त्यांना एका बाजूला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली वायरच लागते. यंत्र बिघडलं समजून लोक परत करायला धावतात. आधी वायर बदलून बघा.

किती पैसे घालावेत?

पाच ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात फियो, हायबी, शानलिंग या नावांचे प्लेअर येतात. वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या ते पार करतात आणि आवाजही स्वच्छ असतो. आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा नसतात, ऑनलाइनच मागवावे लागतात. म्हणून परत करण्याची मुदत बघून घ्या आणि त्या मुदतीतच चाचणीचं कार्ड लावा. त्याहून वरच्या किमतीत सोनीचे अँड्रॉइडवाले वॉकमन आणि तसले महाग प्लेअर. सोनीनं पहिला वॉकमन १९७९ साली काढला, कॅसेटचा. नाव तेच राहिलं, आतलं सगळं बदललं. हे महाग प्लेअर म्हणजे सिम नसलेला फोनच असतो. अ‍ॅप चालतात, पण वायफाय लागतं. मोठे, जड, ताकद मागणारे हेडफोन असतील तर त्यांचा उपयोग. पाचशे रुपयांच्या इअरफोनवर पंचवीस हजारांचा प्लेअर ऐकण्यात काही राम नाही.

स्पष्टच सांगतो: पैसे मोजकेच असतील तर आधी ते इअरफोनमध्ये घाला. त्याच फोनवर, त्याच फाइलीवर चांगला वायरचा इअरफोन जो फरक पाडतो, तो नव्या प्लेअरनं सहसा पडत नाही. ब्लूटूथही चालेल, पण त्याचंही चार्जिंग सांभाळावं लागतं.

‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहून बारीक मापाचा आवाज, या शब्दाला नवखा माणूस फार भुलतो. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाचा असतो आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारा २०,००० हर्ट्झपर्यंतचा पल्ला त्यात बसतो. आपण ज्या जुन्या गाण्यावर जीव टाकतो ते बहुतेक त्याहून फार आधीचं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची आणि खरखर तिच्यातच मुरलेली. ती फाइल कितीही मोठी केली तरी गवयाच्या गळ्यातलं नवं काही बाहेर येत नाही. ३२० केबीपीएसचं (हे दर्जाचं माप, आकडा मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल मोठी) चांगलं एमपी३ करा आणि निवांत ऐका.

पाचवी पायरी: फाइली मिळवा आणि नीट लावा

मोबाईलच्या दुकानात ‘कार्ड भरून’ घेण्याची पद्धत आपल्याकडं अजून आहे. ती मला दोन कारणांनी आवडत नाही. गाणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि आपल्याला मिळतं ते तिसऱ्या-चौथ्या हातातलं, चिरकं, नाव चुकलेलं गाणं. त्यापेक्षा घरातल्या सीड्या काढा. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह एखाद्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणा आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम वापरून सगळ्या सीड्या उतरवून घ्या. कॅसेट असतील तर टेप लॅपटॉपला वायरीनं जोडून ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रामवर ध्वनिमुद्रण करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. कुणाच्या घरी आजोबांनी गायलेल्या भजनाची कॅसेट असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी उतरवा. कॅसेटची फीत दरवर्षी खराब होत जाते, आपल्या दमट हवेत तर लवकरच.

विकत घ्यायचं तर आयट्यून्स स्टोअरवर सुटं गाणं कुलपाशिवाय मिळतं, ते कुठल्याही फोनवर चालतं. प्लेअर एएसी किंवा एम४ए वाजवतो का एवढं बघा. बँडकॅम्प या संकेतस्थळावर आजचे बरेच कलाकार एफएलएसीत विकतात. आणि जुन्या तबकड्यांसाठी कायदा आपल्या बाजूनं आहे: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क केव्हाच संपला आहे, आणि अशा तबकड्यांच्या फाइली इंटरनेट अर्काइव्हवर मोकळ्या मिळतात. शास्त्रीय ऐकायला सुरुवात करणाऱ्यानं तिथूनच करावी असं मला वाटतं. तीन मिनिटांत अख्खा राग कसा उभा करतात, ते ऐकताना थकवा येत नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी घेतं, ३२० चं २.४ एमबी, आणि सीडीच्या दर्जाची एफएलएसी पाच-सहा एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ३२० ची दोनशे तासांहून जास्त गाणी बसतात. प्रवचनाला, कीर्तनाला १२८ पुरतं. कार्ड लावल्यावर ३२ च्या जागी २९ जीबीच्या आसपास दिसतं, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी असते. फसवणूक दुसरीच असते: ‘५१२ जीबी’ लिहिलेलं कार्ड अगदी स्वस्तात. आत जागा थोडीच असते, पुढची गाणी भरल्यासारखी दिसतात पण वाजत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून तपासतो. नवीन कार्ड आणलं की रात्रभर तो चालू ठेवा. स्वस्त प्लेअरसाठी ३२ जीबीचंच घ्या; त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात आणि साध्या प्लेअरला ती बऱ्याचदा वाचता येत नाहीत.

फोल्डर लावण्यात एक संध्याकाळ घाला, पुढची कैक वर्षं सुख आहे. आपल्या घरांत दोन भाषा एकत्र नांदतात. भीमसेन जोशींचे मराठी अभंगही ऐकतात आणि त्यांनीच गायलेली कानडी दासपदंही, म्हणजे पुरंदरदासांसारख्या कानडी संतांची भजनं. गायकाच्या नावानं एकच फोल्डर केलं तर दोन्हींची सरमिसळ होते आणि हरिपाठाच्या वेळेला पुरंदरदास लागतात. म्हणून मी आधी वेळेप्रमाणं फोल्डर करतो: पहाट, काम, संध्याकाळ, निजताना. त्यांच्या आत भाषा, मग गायक. ‘निजताना’मध्ये माझ्याकडं कुमार गंधर्व आहेत, ते १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. त्या गावावरून जाताना त्यांचं निर्गुणी भजन ऐकावं असं मला नेहमी वाटतं.

आता क्रमाचा उपाय. प्रत्येक फाइलीच्या नावाआधी अंक घाला, आणि तो ०१, ०२ असा दोन आकडी; शंभरावर फाइली असतील तर ००१. एकेरी अंक घातले तर १ नंतर थेट १० लागण्याची शक्यता असते. साध्या प्लेअरसाठी नावं रोमन अक्षरांत ठेवा, चौकोनांची कटकट मिटते. मग कार्ड आधी पूर्ण फॉरमॅट करा. विंडोजवर फोल्डर नावाच्या क्रमानं लावा, सगळ्या फाइली निवडा आणि पहिल्या फाइलीलाच धरून कार्डावर ओढा. मधल्या फाइलीला धरून ओढलं तर कॉपी तिथून सुरू होते आणि तेरावा अभंग पहिला वाजतो. मामांच्या यंत्रात नेमकं हेच झालं होतं. नंतर एखादी फाइल मधे घालायची असेल तर अख्खं फोल्डर पुसून पुन्हा भरा.

कानाचं आणि रस्त्याचं

वडगाव, खासबाग, शहापूरकडं यंत्रमागावर काम करणारी आपली माणसं कानात इअरफोन घालून गाणी ऐकतात. मागाचा खडखडाट इतका, की गाणं ऐकू यायला आवाज टोकाला न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं मोठ्यांना सुरक्षित धरलं जातं. ९० डेसिबलवर ती मुदत चार तासांवर येते. माग आणि गाणं दोन्ही मिळून कानात जे जातं त्यात आठवड्याची ही मुदत पहिल्याच दिवशी संपते. गेलेलं ऐकणं परत येत नाही. उद्यमबागेच्या कारखान्यांतही तेच, आणि तिथं मागून कुणी हाक मारली ती ऐकू आली नाही तर हात जायची वेळ येते. कृपा करून कामाच्या जागी गाणं नको. चहाच्या सुट्टीत, बाहेर कट्ट्यावर बसून ऐका.

बसमध्ये, रेल्वेत रबराची टोपी असलेला, कानात घट्ट बसणारा इअरफोन घ्या. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज आपोआप कमी ठेवता येतो. दुचाकीवर मात्र एका कानातही नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर समोरच्या ट्रकचा हॉर्न हाच आपला जीव वाचवतो.

पावसाचे चार महिने

खानापूर तालुक्याचा पाऊस यंत्राला सोसत नाही. जूनपासून प्लेअर आणि इअरफोन झाकणाच्या डब्यात ठेवा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. पिनेवर हिरवट थर दिसला तर कोरड्या सुती कापडानं पुसा. भिजलेलं यंत्र चार्जिंगला लावू नका. बंद करून, पुसून, दोन दिवस हवेशीर जागी राहू द्या. चुलीजवळ नको. महिनोन् महिने वापरायचं नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवली तर ती मरते.

कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून सगळ्या फाइलींची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक दुसऱ्या कार्डावर असावी. मामांकडं आता बटणांचा, चाचणी करून घेतलेला प्लेअर आहे. त्यांच्या कार्डाची जोडी माझ्या टेबलाच्या खणात असते. गणपतीला गावी जाताना नवे अभंग भरतो, तिथं कार्ड बदलतो आणि जुनं घेऊन येतो.